उन्हाळ्यात मोटारीतील ॲम्प्लिफायर बंद का पडतो, आणि तो थंड कसा ठेवावा?

मार्च महिना संपत आला की मोटारीत साऊंड सिस्टिम बसवून देणाऱ्या कारागिरांकडे एकच तक्रार सुरू होते. “सकाळी छान वाजते, दुपारी बंद पडते. संध्याकाळी पुन्हा सुरू होते.” गिऱ्हाईक म्हणते माल नकली दिला. कारागीर म्हणतो कंपनीचा माल खराब आहे. दुकानदार म्हणतो बसवण्यात चूक झाली. तिघांचा वाद होतो, पैसे अडकतात आणि संबंध बिघडतात. पुष्कळ वेळा या तिघांपैकी कोणाचाच माल खोटा नसतो. दोष असतो तो ॲम्प्लिफायर जिथे बसवला त्या जागेचा, आणि त्याच्यावर जे झाकण घातले त्याचा.

आम्ही कापडाचे व्यापारी. विजेच्या कामाशी आमचा संबंध बटण दाबण्यापुरता. तरी या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण हा धडा आम्ही पदरचे पैसे घालवून शिकलो आहोत. शिवाय आपल्या समाजात ऑटो इलेक्ट्रिशियन, सीट कव्हर शिवणारे, साऊंड बसवणारे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे कारागीर गावोगावी आहेत. त्यांच्या रोजीशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

आमचा तजुर्बा

आमच्या दुकानाची एक व्हॅन आहे. आठवडे बाजारांत ती साड्या आणि लुंग्यांचे गठ्ठे घेऊन जाते. २०१९ च्या उन्हाळ्याआधी आम्ही त्या व्हॅनमध्ये एका तरुण कारागिराकडून ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बसवून घेतले. रस्त्यात ऐकण्यासाठी, आणि बाजारात मागचे दार उघडून आजचा भाव काय हे रेकॉर्ड केलेले बोलणे लोकांच्या कानावर घालण्यासाठी. मुलगा हुशार, काम साफ. त्याने ॲम्प्लिफायर पुढच्या सीटच्या मागे जमिनीवर, गठ्ठे ठेवण्याच्या फळीखाली बसवला. आम्हीच त्याला सांगितले, “बेटा, वस्तू दिसता कामा नये. चोराची नजर जाते.” त्याने आमचे ऐकून वरून जाड फेल्ट आणि त्यावर रेक्झिन मारले. काम इतके सुबक झाले की आम्ही खूश झालो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज दुपारी बारानंतर आवाज बंद पडू लागला. आम्ही कारागिराला बोलावले. तो म्हणाला, “चाचा, मशीनमध्येच फॉल्ट असेल.” त्याने स्वतःच्या खिशातून दुसरा ॲम्प्लिफायर आणून बसवला. आठ दिवसांत त्याचेही तेच रडगाणे. आम्ही त्याची उरलेली मजुरी अडवून धरली. आता वाटते, ते बरे केले नाही.

अखेर शहरातील एका जुन्या उस्तादांनी गाडी पाहिली. त्यांनी रेक्झिनवर हात ठेवला आणि एवढेच विचारले, “याला रजई कोणी पांघरली?”

आम्ही आयुष्यभर कापड विकले. रजई आणि घोंगडी ऊब का देते हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते. घोंगडी स्वतः गरम नसते. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बर्फवाला लादी गोणपाटात आणि भुशात ठेवतो ती याच कारणाने. तिथे बाहेरची उष्णता आत जात नाही. फेल्ट, स्पंज, कार्पेट, रेक्झिन हे सगळे त्याच जातीचे. उष्णतेने जळणाऱ्या यंत्राला आम्ही ऐन उन्हाळ्यात घोंगडीत गुंडाळले होते. त्यातच अशा व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते, म्हणजे शेजारीच चूल पेटलेली.

उष्णता येते कोठून?

ॲम्प्लिफायर बॅटरीतून जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी स्पीकरला देत नाही. उरलेली वीज उष्णता होऊन त्याच्याच अंगात राहते. हिशेब साधा आहे.

समजा, इंजिन चालू असताना वायरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि ॲम्प्लिफायर जोरात वाजताना ३० अँपिअर घेतो. १३.८ गुणिले ३० म्हणजे ४१४ वॅट वीज आत गेली. जुन्या पद्धतीचा, ज्याला ‘क्लास एबी’ म्हणतात तो ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात निम्म्याहून थोडी अधिक वीज स्पीकरपर्यंत पोहोचवतो. ५५ टक्के धरले तर सुमारे २२८ वॅट स्पीकरला गेले आणि १८६ वॅट उष्णता झाली. शंभर वॅटचे जवळजवळ दोन पिवळे बल्ब एका बंद डब्यात पेटवून ठेवल्यासारखे हे आहे. गाणे सतत पूर्ण जोरात वाजत नाही हे खरे. पण मध्यम आवाजात या जातीच्या ॲम्प्लिफायरची वाया जाणारी विजेची टक्केवारी आणखी वाढते. म्हणून “आम्ही तर हळूच वाजवतो” हे उत्तर पुरेसे नाही.

आता ‘क्लास डी’ जातीचे ॲम्प्लिफायर सर्रास मिळतात. ते साधारण ८० ते ९० टक्के वीज स्पीकरला देतात. तोच २२८ वॅटचा आवाज ८५ टक्क्यांच्या हिशेबाने काढायचा तर त्याला सुमारे २६८ वॅट लागतात आणि उष्णता होते केवळ ४० वॅट. एकीकडे १८६ आणि दुसरीकडे ४०. खानदेश, मराठवाडा, विदर्भ अशा तापणाऱ्या भागात नवा माल घेताना हा फरक ध्यानात ठेवावा. थोडा महाग पडला तरी जागा कमी लागते आणि बॅटरीवरचा भारही कमी होतो.

मे महिन्यात काय बदलते?

ॲम्प्लिफायरच्या बाहेरचे फिन असलेले ॲल्युमिनियमचे अंग म्हणजे हीटसिंक. आतल्या ट्रान्झिस्टरची उष्णता या धातूत येते आणि तेथून हवेत जाते. ॲल्युमिनियम फेल्टपेक्षा हजारो पटींनी उष्णता वाहून नेते, म्हणून ते वापरतात. पण धातू फक्त आपल्यापेक्षा थंड हवेलाच उष्णता देऊ शकतो. हवाच गरम असेल तर त्याचे काम अडते.

समजा, एखादा ॲम्प्लिफायर वाजत असताना आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा ३५ अंश अधिक गरम राहतो. जानेवारीच्या सकाळी हवा २२ अंश असेल तर तो ५७ अंशांवर राहील. काही बिघडत नाही. तोच ॲम्प्लिफायर उन्हात उभ्या गाडीत, ४७ अंशांच्या हवेत वाजवला तर ८२ अंशांवर जाईल. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये हीटसिंक साधारण ८० ते ९० अंशांना पोहोचले की स्वतःला बंद करण्याची सोय असते. म्हणजे मशीन बिघडलेले नसते, ते स्वतःला वाचवत असते. त्यावर फेल्टचे झाकण असले तर भोवतालची हवाच ६० च्या पुढे जाते, मग हिशेब उरतच नाही.

४७ हा आकडा आम्ही हवेतून काढलेला नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी उन्हाळ्याच्या दिवसांत उभ्या गाड्या मोजल्या. एक तास उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअस झाली आणि डॅशबोर्ड ६९ अंश. सावलीत उभ्या गाडीत तासाभराने हवा सुमारे ३८ अंश होती. झाडाची सावली म्हणजे ९ अंशांची फुकटची बचत. त्याआधी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की एका तासात जी वाढ होते तिच्यातील ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काचा बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून “दहा-वीस मिनिटांचे काम आहे” म्हणून गाडी उन्हात सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. लहान मूल तर अशा गाडीत एक मिनिटही एकटे सोडू नये.

बंद पडणे हे एक नुकसान झाले. दुसरे नुकसान दिसत नाही. ॲम्प्लिफायरच्या आत नळीच्या आकाराचे कपॅसिटर असतात. त्यांचा साधा नियम असा की उष्णता १० अंशांनी कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होते. १०५ अंशांना २००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ८५ अंशांना सुमारे ८००० तास आणि ६५ अंशांना सुमारे ३२००० तास टिकू शकतो. उष्णतेत चालणारे मशीन आज बंद पडले नाही तरी त्याचे वय रोज कमी होत असते.

जागा कोणती निवडावी?

हे काम कारागिराच्या हातात आहे, आणि सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे.

१) गरम हवा वर जाते. म्हणून ॲम्प्लिफायर उभा बसवला आणि फिनच्या पट्ट्या वरून खाली उभ्या ठेवल्या तर त्यांच्या मधून हवा चिमणीसारखी आपोआप वर वाहते. हे सर्वांत उत्तम. जमिनीवर आडवा, फिन वर करून बसवला तरी चालते.

२) मागच्या शेल्फच्या खालून उलटा टांगू नये. उलट्या ॲम्प्लिफायरची उष्णता परत त्याच्याच पोटात जाते.

३) चारही बाजूंनी निदान दोन इंच आणि फिनच्या वर तीन इंच जागा मोकळी ठेवावी. खाली प्लायची पट्टी किंवा स्पेसर लावून अंग किंचित उचलले तर खालूनही हवा फिरते.

४) सीटखाली बसवताना सीट पुढे-मागे करून पाहावे, आणि मागच्या प्रवाशाच्या पायाशी ठेवलेली पिशवी त्यावर पडणार नाही याची खात्री करावी. ज्या व्हॅनचे इंजिन सीटखाली आहे तिथे पुढच्या बाजूचा विचारच करू नये. आमचा ॲम्प्लिफायर शेवटी मागच्या दाराजवळ, उजव्या बाजूच्या पत्र्यावर प्लाय लावून उभा बसवला.

५) डिक्कीत एसीची हवा फारशी पोहोचत नाही. पुढे बसलेल्यांना गार वाटते म्हणून मागचे मशीन गार झाले असे समजू नये.

६) वूफरच्या पेटीवर थेट स्क्रू मारू नये. थरथरण्याने सोल्डरचे जोड सुटतात.

झाकायचे असेल तर

गिऱ्हाईक झाकण मागणारच. आम्हीही मागितले होते. तेव्हा नाही म्हणण्याऐवजी योग्य झाकण द्यावे. छिद्रे असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा लोखंडी जाळी लावावी. हवा आत यायला खालच्या बाजूला आणि बाहेर जायला वरच्या बाजूला, समोरासमोर अशी दोन तोंडे ठेवावीत. एकाच तोंडाचा उपयोग होत नाही; हवा आली त्याच वाटेने परत जात नाही.

कापडच लावायचे असेल तर स्पीकरवर लावतात तसे जाळीदार पॉलिस्टर घ्यावे. त्याची परीक्षा आम्ही कापडवाल्याच्या पद्धतीने सांगतो. कापड तोंडासमोर ताणून धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि सहज फुंका. फुंकर हाताला लागली तर ते कापड चालेल. लागली नाही तर ते सीटवर शोभेल, ॲम्प्लिफायरवर नाही. सीट कव्हर शिवणाऱ्या आपल्या बंधूंनीही कार्पेट टाकताना खाली मशीन आहे का हे हात लावून पाहावे. साऊंडवाल्याचे चांगले काम पुष्कळदा नंतर आलेल्या कार्पेटवाल्याच्या हातून बिघडते.

वायर आणि अर्थ

उष्णतेचे दुसरे घर म्हणजे बारीक वायर. ४ चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची वायर घेतली आणि तिच्यातून ३० अँपिअर गेले तर वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट कमी होतात आणि वीस वॅटच्या वर उष्णता वायरीत होते. १६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोटा ०.२ व्होल्टच्याही आत राहतो. व्होल्ट कमी मिळाले की पुष्कळ ॲम्प्लिफायर कमी पडलेली वीज भरून काढण्यासाठी जास्त अँपिअर ओढतात आणि अधिक तापतात.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावाने खपवली जाते. ती शुद्ध तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच वीज वाहते. नखाने किंवा ब्लेडने तार खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ती तांब्याची नव्हे. घ्यायचीच असेल तर एक नंबर जाड घ्यावी आणि गिऱ्हाइकाला ती काय आहे हे सांगूनच द्यावी. टेरिकॉटला सुती म्हणून विकणाऱ्याला आपण जे म्हणतो तेच इथेही लागू आहे.

बॉडी अर्थ आखूड ठेवावा, रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिम्बलने घट्ट कसावा. सीटच्या ढिल्या बोल्टवर अर्थ देऊ नये. बॅटरीच्या मुख्य वायरीवर दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे आणि तो वायरीला झेपेल एवढाच असावा. पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबरी वायसर घालावा. फ्यूज नसलेली वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर आवाज नव्हे, गाडीच जाते. वरून फेल्ट आणि स्पंज असेल तर आग पसरायला वेळ लागत नाही.

स्पीकरचा भार आणि खोटे वॅट

चार ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की भार दोन ओहम होतो आणि ॲम्प्लिफायरमधून करंट जवळजवळ दुप्पट वाहतो. ब्रिज करून जोडले तर प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. म्हणजे चार ओहमचा वूफर ब्रिज केला की आतल्या चॅनेलला तो दोन ओहमचा वाटतो. मशीनवर ‘ब्रिज, किमान ४ ओहम’ असे लिहिले असेल तर त्याखाली जाऊ नये. जास्त आवाजाच्या हट्टात हिवाळ्यात हे निभावते, मे महिन्यात निभावत नाही.

‘गेन’ हे आवाजाचे बटण नव्हे. डेकचा आवाज आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. ते पूर्ण फिरवून ठेवले की आवाज फाटतो, मशीन सतत वरच्या टोकाला चालते आणि स्पीकरची कॉइलही तापते.

डब्यावर ‘२००० वॅट’ छापलेले असते. खरे किती, हे ओळखायचे सोपे साधन म्हणजे मशीनवरचा फ्यूज. फ्यूज ३० अँपिअरचा असेल तर आतच ४१४ वॅट जातात, मग सतत बाहेर २००० कोठून येणार? ‘आरएमएस’ वॅट विचारावेत. ‘सीईए-२००६’ या मापाचा शिक्का असेल तर आकडा १४.४ व्होल्ट आणि ४ ओहमवर, आवाज फाटू न देता मोजलेला असतो. गज आणि मीटरमध्ये फसवणूक नको, तशी वॅटमध्येही नको.

पंखा कसा लावावा?

जागा बदलता येत नसेल तर पंखा हा चांगला उपाय आहे. कॉम्प्युटरमध्ये लागतो तो १२ व्होल्टचा, ८० मिलिमीटरचा पंखा स्वस्त असतो आणि अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी वीज घेतो. त्याची हवा फिनच्या पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने जाईल असा लावावा. पट्ट्यांना आडवी हवा मारली तर ती वरच्यावर निघून जाते. बंद पेटीत असेल तर पंख्याने गरम हवा वरच्या तोंडातून बाहेर ओढावी. गरम हवा आतल्या आत फिरवण्यात अर्थ नाही.

डेकची निळी रिमोट वायर थेट पंख्याला जोडू नये. ती इतका भार घेण्यासाठी नसते. तिच्यावर रिले चालवावा आणि पंख्याला फ्यूजमधून वेगळी वायर द्यावी. सततचा आवाज नको असेल तर ४५-५० अंशांना चालू होणारा बायमेटलचा थर्मल स्विच हीटसिंकला पेस्ट लावून कसावा. ‘नॉर्मली ओपन’ जातीचा मागावा, नाहीतर पंखा थंडीत फिरेल आणि उन्हात थांबेल.

एसीची नळी थेट ॲम्प्लिफायरवर सोडणारेही आम्ही पाहिले आहेत. कोकणच्या दमट हवेत अशा थंड अंगावर दव धरते आणि पाणी विजेच्या भागात जाते. ओले फडके आणि बर्फाची पिशवी यांचीही तीच गत.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी

ट्रान्झिस्टर बदलला आणि दोन दिवसांत पुन्हा उडाला, असे झाले तर हीटसिंकशी असलेला त्याचा जोड पाहावा. जुनी वाळलेली पेस्ट पूर्ण पुसून नवी पातळ लावावी. पेस्टचा जाड थर उष्णता नेण्याऐवजी अडवतो. मायकाची चकती फाटलेली असेल तर बदलावी, आणि घाईत ती विसरून कसले तर शॉर्ट होतो. स्क्रू सगळे सारखे कसावेत. एक ढिला राहिला तर त्याच्याखालचा ट्रान्झिस्टर एकटा तापतो आणि आधी जातो.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागांच्या गावांत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे कापसाची उडणारी फुसकी. ती पंख्यात आणि फिनमध्ये बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत तिची आपोआप घोंगडी तयार होते. दर दोन महिन्यांनी मुख्य फ्यूज काढून, कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने ती काढावी. साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

दोष उष्णतेचा की दुसरा?

गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापूर्वी ही परीक्षा करावी.

— वीस-तीस मिनिटे वाजून बंद पडतो आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतो: उष्णता.

— बेसचा ठोका पडताच क्षणभर बंद होतो: व्होल्ट पडत आहेत. वायर, अर्थ, बॅटरी पाहा.

— थंड असताना सुरू करताच लाल दिवा लागतो: स्पीकरची वायर बॉडीला लागली आहे किंवा आतला भाग गेला आहे.

— फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो: मोठा फ्यूज टाकू नका, कारण शोधा.

हीटसिंकवर हात तीन सेकंदही टिकत नसेल तर ते साधारण ५५-६० अंशांच्या वर आहे असे समजावे. तापमान मोजणारी बंदूक असेल तर फिनवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरावी. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खरेपेक्षा कमी आकडा दाखवते आणि आपण फसतो.

गाडीच्या मालकाने पाळायच्या गोष्टीही थोड्याच आहेत. सावलीत गाडी लावावी, पुढच्या काचेला चमकता पडदा लावावा. उन्हातून गाडी काढली की आधी दारे उघडून गरम हवा जाऊ द्यावी आणि पहिली दहा मिनिटे आवाज बेताचा ठेवावा. मशीन गरम होऊन बंद पडले तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. झाकण काढून निवू द्यावे. बाजारात गाडी उभी करून तासन्‌तास वाजवणाऱ्यांनी मागचे दार उघडे ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने थोडी विश्रांती द्यावी.

व्यवहाराची गोष्ट

आमच्या व्हॅनमध्ये फेल्ट काढले, जागा बदलली, एक पंखा लावला, जाड वायर टाकली. मशीन तेच, जे ‘खराब’ ठरले होते. त्या वर्षीचा मे महिना त्याने बंद न पडता काढला. कारागिराने परत नेलेला पहिला ॲम्प्लिफायरही तपासला तर चांगलाच निघाला.

मग आम्ही त्या मुलाला दुकानात बोलावले. अडवलेली मजुरी दिली, दुसऱ्या ॲम्प्लिफायरसाठी त्याने खिशातून घातलेले पैसे दिले आणि चूक आमची होती हे चार माणसांसमोर सांगितले. कारण ‘त्याचे काम कच्चे आहे’ हे आम्ही चार माणसांसमोरच बोललो होतो आणि त्यामुळे त्याची दोन गिऱ्हाइके गेली होती. पैसे परत करणे सोपे असते. गेलेले नाव परत मिळवून देणे अवघड जाते.

कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच की गिऱ्हाईक चुकीची जागा किंवा चुकीचे झाकण मागत असेल तर आधीच नम्रपणे सांगा, आणि तरीही ऐकले नाही तर बिलावर एक ओळ लिहून सही घ्या: ‘झाकणामुळे गरम होऊन बंद पडल्यास जबाबदारी मालकाची.’ पंखा, जाळी आणि जाड वायर यांची मजुरी वेगळी लावा. चांगल्या कामाचे पैसे मागण्यात लाज नाही. आणि आमच्यासारख्या गिऱ्हाइकांनी मजुरी अडवण्यापूर्वी एकदा झाकण काढून आत हात घालून पाहावा.